वेण्यांचं रिंगण

"डोकी पाण्याकडे, शेपट्या आत!" विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. "पाण्यात साबणाचे रेणू असेच जमतात, मधे तेल धरून." आम्ही मुली तोंडं बाहेर करून गोल उभ्या राहिलो. वेण्या आपोआप आत आल्या.

जुईली भिंतीपाशीच थांबली. आजारपणात केस गेल्यापासून ती स्कार्फ बांधून येते. "मला शेपटीच नाही," ती पुटपुटली.

"मग तू तेल हो की!" मी म्हटलं. "तेलाशिवाय आम्ही काय नुसतंच फिरायचं?"

ती मधे शिरली, दोन्ही मुठींत वेण्या धरल्या. "आता तेल घेऊन पाण्याबरोबर वाहा!" बाई म्हणाल्या, तसं रिंगण खिदळत दाराकडे निघालं. वेणीला हिसका बसला म्हणून मी वळले. तिचा स्कार्फ खांद्यावर घसरला होता आणि सावरायला हात मोकळा नव्हता.

"पुढे बघ गं," ती ओरडली. "डोकं पाण्याकडे!"