जोडखुर्ची

साहेबाच्या काळातल्या बंगल्यात आमचं जुन्या वस्तूंचं आणि भेटवस्तूंचं दुकान आहे. एखादी खुर्ची विकवत नसली की मी खोकते आणि आमचे हे तिच्यात बसून घोरायला लागतात. झोपलेल्या म्हाताऱ्याला कोण उठवणार? काल एक जोडपं दारापासूनच धुसफुसत आलं आणि जोडखुर्चीवर बसलं. तिच्यात दोघांची तोंडं उलट दिशांना होतात, पण मान जरा वळली की नाकासमोर नाक. तो हसला, मग तीही. “ही केवढ्याला?” दोघांनी उठून विचारलं. आमची कितीतरी भांडणं तिच्यातच मिटलेली. मी खोकले. हे ढिम्म हलले नाहीत. पुन्हा खोकले, तर ह्यांनी चक्क किंमत सांगितली. खुर्ची टेम्पोत चढल्यावर मी फणकारले, “ऐकू आलं नाही का?” “आलं की. पण आपली भांडणं आता कुठेही मिटतात.” मी पाठ फिरवली. मान मात्र आपसूक वळली.