काळ्या साबणाचा घाणा

"थांब रे, थांब जरा!" मुलगी पातेल्यावर ओरडली. पण पातेलं कुणाचं ऐकतंय? तेलात काळं डांबर पडलं, वर कॉस्टिक सोड्याचं पाणी गेलं, आणि ब्लेंडर दोन गिरक्या घेतो न घेतो तोच सगळा घोळ आळून घट्ट झाला. ब्लेंडर उचलला तर पातेलंही त्याच्याबरोबर वर आलं. साचा अजून फळीवर पालथाच होता.

साबणाचा हा दुसराही घाणा वाया गेला. पाइनच्या लाकडापासून काढलेल्या त्या डांबराचा डबा तळाला आला होता, जेमतेम एका घाण्यापुरतं उरलं होतं. ते डांबर बाबा कुठून आणायचे ते त्यांनाच ठाऊक, आणि विचारायला आता बाबा नव्हते.

मापं तिला पाठ होती. लहानपणापासून तराजू तीच धरायची. पण मिसळायची वेळ आली की बाबा तिला बाहेर काढत आणि आतून कडी घालत. कॉस्टिकशी खेळ नको म्हणून. नेमकं जे शिकायचं तेच कडीमागे राहिलं.

साबण हवा होता आईसाठी. आईच्या अंगाला बाबांच्या या काळ्या साबणाशिवाय दुसरा कुठलाच चालत नसे, रक्त येईस्तोवर खाजवायची. बाबा गेल्यापासून तर नवी वडी नाकाशी नेऊन सरळ फेकून द्यायची. "हा यांचा नाही. यांचा आण, मग करीन आंघोळ." बाबांची शेवटची वडी झिजून झिजून मोरीत वाहून गेली, तेव्हापासून तिने अंगाला पाण्याचा थेंब लावू दिला नव्हता. ओला टॉवेल दिसला तरी किंचाळायची. मुलीचा जीव तुटत होता.

भिंतीपलीकडून आईचा आवाज आला. "हे म्हणतायत, एवढं गरम का घेतलंस?"

मुलीचा हात थबकला. "आई, बाबा नाहीत आता. किती वेळा सांगू?"

"हळू बोल गं. ऐकतायत." मग जणू कुणी सांगतंय तसं ती पुढे सांगू लागली. "तेल आणि ते पाणी, दोन्ही गार होऊ दे. भांड्याला बाहेरून हात लावला तर ऊब लागता कामा नये. ते यंत्र ठेव बाजूला, हाताने ढवळ. आणि साचा आधी मांड बाई. हा साबण नंतर सवड देत नाही."

मुलीने ब्लेंडर पातेल्यासकट बाजूला ठेवला. आईने या खोलीचा उंबरठा जन्मात ओलांडला नव्हता, डांबराच्या वासाने तिचं डोकं उठायचं. मग मुलीने स्वतःचीच समजूत घातली. आईचा पलंग भिंतीला लागून आहे, बाबांना काम करताना पुटपुटायची सवय होती, ऐकून ऐकून पाठ झालं असेल. भूतबित काही नाही. आणि सांगितलंय तसं करून बघायला आपलं काय जातंय?

तिने साचा मांडला. दोन्ही भांडी गार होईपर्यंत खिडकीशी बसून राहिली. मग उरलंसुरलं डांबर तेलात हलकेच कालवलं, कॉस्टिकचं पाणी बारीक धारेने सोडलं आणि लाकडी पळीने ढवळायला लागली. घोळ पातळच राहिला. तिचा विश्वासच बसेना. ढवळता ढवळता खांदा भरून आला, तशी तिने गुपचूप पळी डाव्या हातात घेतली.

"डाव्याने नको," आई पलीकडून म्हणाली. "डाव्याने तुझा हात एकसारखा फिरत नाही. दम खा, पण उजव्यानेच ढवळ म्हणतायत."

दार बंद होतं. भिंतीला साधी फटही नव्हती. मागे वळून पाहायची तिची छाती झाली नाही. ती घाबरली होती, आणि खरं सांगायचं तर तेवढीच सुखावलीही होती. आज बाबांनी तिला बाहेर काढलं नव्हतं. तिने पळी उजव्या हातात घेतली.

घोळावर पळीची रेघ उमटून क्षणभर टिकली.

"ओत," आई म्हणाली.

तिने ओतलं. घोळ साच्याच्या चारी कोपऱ्यांत अलगद पसरला. हातमोजे काढून ती धावतच आईकडे गेली.

"आई, जमला! पण लगेच नाही हं लावायचा. महिनाभर तरी सुकायला हवा, नाहीतर अंग भाजेल. तोवर नुसत्या पाण्याने पुसून घेऊ देशील ना?"

"पूस की. मी कुठे नाही म्हणतेय?" आईने आपणहून हात पुढे केला. तिचा चेहरा कसा उजळला होता! "महिन्याचं काय एवढं! तेवढं थांबतो म्हणालेत हे. या साबणाने एकदा स्वच्छ आंघोळ झाली की निघू दोघं."

"निघू? कुठे निघू?"

"अगं, आता तुला काय सगळं सांगायचं," आई हसत म्हणाली, आणि पलंगाच्या कडेला कुणी बसावं तेवढी जागा करून भिंतीकडे सरकली.

मुलीने तिचा हात पुसला, दुसरा पुसला, पाय पुसले. आई कुठेच किंचाळली नाही. मग मुलगी उठून मागच्या खोलीत आली. मोजा न घालताच तिने साच्यात बोट टेकवलं. बोट चुणचुणलं. मधे अजून मऊ होतं, पण कडेने घट्ट व्हायला लागलं होतं.

"थांब रे," ती साच्याला म्हणाली. "थांब जरा."