नात्याचा रकाना

मनालीने बाटली ताटलीत उपडी केली. दोन गोळ्या निघाल्या. दिल्या होत्या तीस, दिवस झाले होते अठ्ठावीस. एकही गोळी चुकलेली नव्हती, आणि म्हणूनच मनालीचं डोकं चालेना.

समोर सईदाखाला मांडीवर पिशवी धरून बसली होती. नव्या औषधाच्या चाचणीत भिवंडीतले अकरा जण होते. दहा जणांचं रक्त सुधारत होतं. खालाचं तीन महिने जिथल्या तिथे.

"रोज पाच वाजता ना, खाला?"

"पाचच्या पाचला. घड्याळ बघून. एक दिस चुकला न्हाय."

खाला खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. मनालीने वहीत तसं लिहिलं.

गोळ्या मोजणं हे मनालीचं खरं काम नव्हे. तिचं काम आतल्या प्रयोगशाळेत. रक्ताच्या पेशीला 'वाढ' असा निरोप देणारं एक प्रथिन असतं. निरोप दिला की त्याने गप्प बसायचं. रक्ताच्या या कॅन्सरमध्ये ते गप्प बसत नाही, निरोप देतच राहतं. नवी गोळी त्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसते आणि त्याचं तोंड बंद करते. ते बंद झालं की नाही, हे मनाली दर महिन्याला रक्तात तपासायची.

पहिल्या दिवशी हे सगळं ऐकून खाला म्हणाली होती, "म्हणजे धागा तुटला तरी लूम चालूच. कापड नासतंय." अर्धं आयुष्य तिने लूमच्या कांड्या भरण्यात घालवलेलं. तेव्हापासून मनाली प्रत्येक पेशंटला हाच दाखला द्यायची, आणि वरिष्ठांपुढे तर स्वतःचा म्हणून खपवायची.

त्याच दिवशी तिने सगळ्यांना सूचनाही पाठ करून घेतल्या होत्या. गोळी ठरल्या वेळी घ्यायची. पोट भरलेलं हवं. अख्खी गिळायची, कुटायची नाही, नाहीतर कडूजहर लागते. आणि फॉर्म भरताना रकाना आला, इथल्या कोणाशी नातं आहे का?

"दूधबहिणीची आई म्हणजे काय लिवतात?" खालाने विचारलं होतं.

दोघी हसल्या होत्या. मुलगी नूरैन जन्मली तेव्हा खाला चाळीस दिवस तापाने दवाखान्यात होती. तेव्हा मनालीच्या आईने, राहीबाईने, एका मांडीवर मनाली आणि दुसऱ्या मांडीवर नूरैन घेऊन दोघींना पाजलं होतं. काल्हेरला दोन्ही घरं एकाच गल्लीत. खालाने ते दूध कधी विसरू दिलं नाही, स्वतःलाही नाही आणि गल्लीलाही नाही. पण अशा नात्याला कागदावर जागा नसते. मनालीने 'नाही' लिहिलं.

तोच रकाना आईला मात्र नडला. आजार आधी आईचाच निघाला होता. सोबत म्हणून गेलेल्या खालाने सहज रक्त दिलं, तर तिलाही तोच. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. खाला चाचणीत आली. आई येऊ शकली नाही, कारण कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना घ्यायचं नाही असा नियम होता आणि त्या नियमाखाली मनालीचीही सही होती. आई जुन्याच गोळीवर राहिली. ती गोळी तिला लागू पडत नव्हती. दिवाळी बघतील की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

आणि आईने दिवाळी बघितली. नुसती बघितली नाही, करंज्या लाटल्या. मनालीला राहवलं नाही, तिने आईचं रक्त प्रयोगशाळेत लावलं. प्रथिन गप्प होतं. यंत्रासमोर उभी राहून ती रडली. जुन्या गोळीने उशिरा का होईना मनावर घेतलं होतं. तिने डॉक्टरांचे आभार मानले, गावदेवीला नारळ दिला, आणि रोज संध्याकाळी आईसाठी मन्नतीची खीर घेऊन येणाऱ्या खालाला तर मिठीच मारली.

खिरीचं तेवढं एक गमतीचं होतं. आईला ती कडू लागायची, पण खालाचं मन मोडू नये म्हणून ती वाटी संपवायची. जुन्या गोळीने जिभेची चव जाते, मग हळूहळू परत येते, असं मनालीने तिला समजावलं होतं.

"खाला," मनाली आता म्हणाली, "तीन महिने फरक नाही, त्यामुळे तुला चाचणीत ठेवता येणार नाही. डॉक्टर सोमवारपासून तुला जुनी गोळी सुरू करतील. आईला बघ कशी लागू पडली."

खाला ताटलीतल्या दोन गोळ्यांकडे बघत राहिली.

"त्या दोन तरी राहू दे, बाय."

"नियम आहे गं. परत घ्याव्या लागतात."

"हाय तर हाय." तिने पिशवी उचलली. मग मनालीच्या गालावरून हात फिरवला. "तुझे लय उपकार. तू दिलंस त्यातलं काय वाया न्हाय गेलं."

मनालीने दोन्ही गोळ्या पाकिटात घालून बंद केल्या. ज्या बाईला औषधाचा काडीचा उपयोग झाला नाही, ती उलट आपलेच आभार मानत होती.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा खाला नेहमीसारखी पाचला येऊन गेलेली होती. आई ओट्यावर बसून बोटाने वाटी पुसून खात होती.

"तुझी जिभेची गोष्ट खरी निघाली गं," आई म्हणाली. "तीन महिन्यांत पहिल्यांदा आज सईदाची खीर गोड लागली."