किल्लीचे दिवस गेले

मेकॅनिकला गाडीच्या आसपासही फिरकू न देता जावईबापूंनी दोन रविवार डॅशबोर्डखाली डोकं खुपसून रिमोट स्टार्टर स्वतः बसवला. आज सासऱ्यांना स्टेशनवर सोडायचं होतं. त्यांची बॅग आत ठेवली, मुद्दाम किल्लीही सीटवर टाकली आणि दार लावलं.

"किल्लीचे दिवस गेले, बाबा," म्हणत त्यांनी ऐटीत रिमोट दाबला.

इंजिन झकास सुरू झालं आणि गाडीच्या नेहमीच्या सवयीने चारही दारं खटकन लॉक झाली.

"आता उघडा," सासरे म्हणाले.

"दारांच्या वायरी पुढच्या रविवारी जोडणार होतो."

"मग दुसरी किल्ली आणा."

जावईबापूंनी काचेतून आत पाहिलं. "ती डॅशबोर्डच्या आत चिकटवलीय. तिच्यातल्या चिपशिवाय रिमोटने गाडी सुरूच होत नाही."