जिभेवरचा बेदाणा

“चावायचा नाही,” ध्यान शिकवणाऱ्या सेलेस्टबाई हळुवारपणे म्हणाल्या. “नुसता जिभेवर ठेवायचा. त्याच्या सुरकुत्या अनुभवायच्या. आणि डोळे मिटून घ्यायचे.”

मुलांनी डोळे मिटले. प्रत्येकाच्या जिभेवर एकच बेदाणा होता. अकरा वर्षांच्या कीलीचं पोट एवढ्या मोठ्यानं गुरगुरलं, की शेजारचा रीस फिस्सकन हसला.

“हसू नका रे. शरीर आपल्याशी बोलत असतं,” असं म्हणून बाईंनी स्वतःही डोळे मिटले आणि पितळी वाटी टणकन वाजवली. शरीर काय बोलतंय, हे मात्र त्यांनी विचारलं नाही.

हॅल्सबी गावच्या शाळेतली ही ‘शांतीची खोली’. गरीब घरच्या मुलांसाठी सरकार शाळेला जादा पैसे देतं, त्यातून थाटलेली. जमिनीवर गुबगुबीत उशा, भिंतीवर रंगवलेले ढग, कोपऱ्यात लव्हेंडरचा वास सोडणारं यंत्र. पूर्वी त्याच पैशातून, याच खोलीत, स्वयंपाकघरातली डॉट रोज सकाळी टोस्ट भाजायची. लोणी लावलेला टोस्ट, वर गरम बीन्स, आणि “खा गं राणी, अजून एक घे” हे वरकड. पण हेडमास्तर थ्वेट यांना टोस्टमध्ये काही दम वाटेना. टोस्ट मुलं खाऊन टाकतात. मग पाहुण्यांना दाखवायचं काय, चुरा? आधी पोटोबा, मग विठोबा, असं आपल्याकडे म्हणतात. थ्वेट यांनी पोटोबाला हाकलून दिलं आणि त्याच्याच जागी विठोबा बसवला. डॉटला परत भांडी घासायला पाठवलं.

“सर, मुलं उपाशी येतात हो,” वर्गशिक्षिका मिस हॉल्डन त्यांना सांगून थकल्या होत्या.

“उपाशी म्हणू नका, मिस हॉल्डन. सकाळच्या वेळी त्यांना स्वतःला सावरता येत नाही, असं म्हणा.”

कीलीची आई रात्रभर वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची उशी-पांघरुणं सावरायची. ती घरी पोचायच्या आत कीली शाळेला निघालेली असायची. आठवडा सरत आला की कपाटात पावाचा डबा नुसता नावाला असे. दुपारचं जेवण शाळेत फुकट होतं, पण त्यासाठी दुपार व्हावी लागते.

एक मात्र खरं, या खोलीत एकही मूल कधी गैरहजर राहत नसे. तापानं फणफणलेला रीससुद्धा आला होता. थ्वेट ही गोष्ट येईल त्याला ऐकवत. बेदाण्यांचा वाडगा तेवढा रोज रिकामा व्हायचा. मिटल्या डोळ्यांना सगळं जग प्रामाणिक दिसतं. आपणच कमी आणले असतील, असं समजून सेलेस्टबाई दुसऱ्या दिवशी जास्त आणत.

आज शाळा समितीच्या अध्यक्षा मिसेस अँस्टी आल्या होत्या. मिस हॉल्डननी हट्टच धरला होता: सकाळचा टोस्ट पुन्हा सुरू करा. पैसे एकाच गोष्टीला पुरणार होते, टोस्ट तरी नाहीतर खोली तरी. निकाल आजच लागायचा होता. पाहुण्या येण्याआधी थ्वेट यांनी कीलीला दारात गाठलं होतं.

“तू बोलकी आहेस. मॅडम तुलाच विचारतील. त्यांना पटलं नाही ना, तर उद्यापासून ही खोली बंद. लक्षात ठेव.”

टोस्टचं नाव काही त्यांनी काढलं नाही.

मिसेस अँस्टी एका उशीवर कशाबशा टेकल्या. टेकताना त्यांना दोघांनी धरावं लागलं. “कीली, रोज न चुकता येतेस म्हणे. काय मिळतं गं तुला इथे?”

“बोल बाळा,” मिस हॉल्डन पुढे होऊन म्हणाल्या. “खरं काय असेल ते बोल. कुणी रागावणार नाही.”

भूक लागते, एवढं एक वाक्य पुरेसं होतं. कीलीनं मिस हॉल्डनकडे पाहिलं. मग तिची नजर वाडग्याकडे गेली, आणि तिथून थ्वेटांकडे.

“छान वाटतं, मॅडम,” ती म्हणाली. “आत भरल्यासारखं वाटतं. टिकतं मग बराच वेळ.”

मिसेस अँस्टींचे डोळे पाणावले. सेलेस्टबाईंनी छातीवर हात ठेवला. थ्वेट तर असे फुलले, की जणू स्वतःच्या हातानं त्यांनी कुणाला जेवू घातलं होतं.

“आता आणखी काय हवं?” मिसेस अँस्टी म्हणाल्या. “मुलांनाच हवी आहे ही खोली. टोस्टचा विषय इथेच संपवू या.”

मिस हॉल्डनना संताप आवरेना. थ्वेटांचा तर आलाच, पण या पोरीचाही आला. पढवलेल्या पोपटासारखी बोलली! पाहुणे चहाकडे वळताच त्यांनी कीलीला व्हरांड्यात थांबवलं.

“खोटं का बोललीस गं? मी तिथे उभी होते ना तुझ्यासाठी?”

कीलीनं आधी मागे वळून पाहिलं. कुणी येत नाही अशी खात्री करून तिनं घट्ट मिटलेली मूठ उघडली. घामानं चिकट झालेले मूठभर बेदाणे होते.

“तुम्ही पण घ्या, मिस. पण कुणाला सांगू नका हं,” ती कुजबुजली. “आता हे तरी नाही ना बंद करणार सर, टोस्टसारखे?”