खोगिराखालचं कापड

“पण हेच खोगीर का, ताई?” पत्रकार मुलीने विचारलं आणि फोन जरा पुढे सरकवला.

उत्तर तिला तोंडपाठ होतं. “बाबांचं आहे. ते याच्यावर खेळले, मी याच्यावर शिकले. कंपनीवाले नवीन देत होते, मी नको म्हटलं. काही गोष्टी विकायच्या नसतात.”

शेवटच्या वाक्याला मुलीने मान डोलावली. सगळेच डोलावायचे. ड्रेसाजमध्ये घोडा नाचल्यासारखा चालतो, आणि वर बसलेला माणूस काहीच करत नाही असं दिसावं लागतं. या खेळात तिचं नाव झालं होतं आणि नावाला हे खोगीर चिकटलं होतं. तपकिरी, डाव्या बाजूला ठिगळ असलेलं, बाबांनी साबण लावून लावून जपलेलं. बाबा आत्ताही कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून लगाम पुसत होते.

“काका, तुम्ही ऐन भरात खेळणं का सोडलंत?” मुलीने त्यांना विचारलं.

“घोडा दमला,” बाबा पांढऱ्या मिशीत हसले. “मी नाही दमलो. तो दमला.”

लेकीने खिडकीबाहेर बघितलं. खोगिराच्या आतली लाकडी चौकट अरुंद होती. तिची घोडी लहान होती तोवर चाललं. मग सरावाने घोडीच्या खांद्यांमागचे स्नायू भरले आणि चौकट दोन्ही बाजूंनी रुतू लागली. एकाच जागी सतत दाब पडला की केसांच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी मरतात. तिथे उगवणारे केस पांढरे येतात. हिवाळ्यात त्या काळ्याभोर पाठीवर दोन पांढरे ठिपके उमटले, तेव्हाच तिला सगळं कळलं होतं. कळूनही तिने खोगीर बदललं नाही. बाबांना कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि इतक्या मुलाखती दिल्या होत्या, त्यांचं काय करायचं? कपाटात पॉलिशच्या डब्यांमागे तिला काळ्या कलपाच्या पुड्या सापडल्या. बाबांच्या तरुणपणीचा शौक असणार, असं म्हणून ठिपके झाकायला तिने एक उचलली. मग आणखी एक. पुड्या संपत कशा नाहीत, हा प्रश्न तिला पडलाच नाही.

फोटोसाठी सगळे बाहेर आले, मोतद्दाराने घोडी आणली. पागेत सगळे तिला बाईसाहेब म्हणत. पोटाखालचा तंगाचा पट्टा आवळताच बाईसाहेबांनी कान मागे पाडले आणि दात दाखवले.

“काय नखरे आहेत!” फोटोग्राफर म्हणाला.

“तुझी कंबर कोणी अशी करकचून बांधली, तर तू गाणं म्हणशील का रे?” बाबा म्हणाले.

सगळे हसले. ती हसली नाही.

फोटोग्राफरची अडचण वेगळीच होती. “काळी घोडी, खाली कापडही काळं. फोटोत नुसता अंधार येईल. पांढरं घाला ना, स्पर्धेत असतं तसं.”

स्पर्धेच्या बऱ्याच आधी ती कलप लावून जादा रंग धुऊन टाकत असे. आज मात्र फोटोसाठी म्हणून सकाळीच घाईघाईने लावला होता. पण नको म्हणायला कारण सुचेना. मोतद्दाराने पांढरं कापड घातलं, खोगीर पुन्हा चढवलं. ती वर बसली.

घोडी पायात पाय न अडकवता तिरकी चालली. मग एकाच जागी, तालात, पावलं उचलत राहिली. मुलगी टाळ्या वाजवायची तेवढी बाकी होती. खोगिराखाली घोडीची पाठ दगडासारखी ताठ होती, ते फक्त बसणारीला कळत होतं. ऊन चढलं होतं. दोघींनाही घाम आला होता.

“आता खोगीर हातात धरून एक फोटो,” फोटोग्राफर म्हणाला. ती खाली उतरली, पण पुढे व्हायच्या आत मोतद्दाराने खोगीर उचललं. कापड घसरून उलटं पडलं. पांढऱ्यावर लिंबाएवढे दोन काळे डाग होते.

“अय्या, घोडीचा रंग जातोय!” मुलगी म्हणाली.

“पॉलिश आहे ते,” बाबा लगेच म्हणाले. “मीच लावलं खोगिराला. हात जड झालाय माझा हल्ली.”

खोगीर तपकिरी होतं. पॉलिशही तपकिरीच होतं. पण हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. मुलगी पुढच्या प्रश्नाकडे वळली. आता फक्त गप्प राहायचं होतं.

तेवढ्यात घोडीने मान वळवली आणि सराव संपल्यावर रोज आणायची तसं तिच्या खिशाशी नाक आणलं. गाजर मागायला. जणू काही झालंच नव्हतं.

“पॉलिश नाही,” ती म्हणाली. “कलप आहे. मी लावते.”

तिने बोटांनी पाठीवरचे केस उलटे फिरवून दाखवले. मुळं पांढरी होती. बोट टेकताच घोडीने अंग चोरलं, पाठ खाली गेली. “हे खोगीर तिला रुततं. मला केव्हापासून माहीत आहे. लिहा तुम्ही.”

मुलीचा फोन खाली आला. “अहो ताई, पुढच्या महिन्यात तुमची निवड आहे ना?”

“लिहा. मी यावर पुन्हा बसणार नाही, तेही लिहा.”

मग ती बाबांकडे गेली. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही, बाबा. तुमच्या मिशीचा कलपसुद्धा कपाटातून मीच घेत होते.”

बाबांनी खाली पडलेलं कापड उचललं होतं. डाग आत जातील अशी त्याची घडी घालत होते.

“मिशीला मी जन्मात कधी काही लावलं नाही, बाळ,” ते म्हणाले. “तो माझ्या घोड्यासाठी आणायचो. या हिवाळ्यापासून तुझ्यासाठी आणतोय.”