पहिली चार मिनिटं

सव्वीस वर्षं गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणाऱ्या दुकानदाराने ऑनलाइन कोर्स काढला, पण बघणारे टिकेनात. मग लेकीनेच त्याला शिकवायला शिकवलं. कॅमेऱ्याकडे बघून बोला, वाक्यं लहान ठेवा, पाल्हाळ नको.

"बाबा, प्रत्येक धड्यात पहिली चार मिनिटं तुम्ही तेच ते सांगता. सिलिंडर बंद करा, खिडक्या उघडा, वास आला तर काडी ओढू नका. लोक तिथेच पळतात."

"अगं, पण तेच तर महत्त्वाचं!"

"एवढं शेंबड्या पोरालाही कळतं, बाबा."

त्याला पटलं नाही, पण बघणाऱ्यांचे आकडे लेकीच्या बाजूने होते. मन घट्ट करून त्याने सगळ्या धड्यांतून ती चार मिनिटं कापली आणि कोर्स धो धो चालला. 'सर, तुमच्यासारखं कुणी शिकवत नाही,' हे वाचून तो हरखून जायचा.

रविवारी सकाळी तो साचलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायला निवांत बसला. रोज न चुकता काहीतरी विचारणाऱ्या एका बाईंनी लिहिलं होतं, 'सर, अगदी तुम्ही दाखवलात तसाच पाइप बदलला. थोडा वास येतोय. आता पेटवून बघू का?'

'पेटवू नका' एवढं घाईघाईने लिहून त्याने पाठवलं, आणि मग त्याची नजर वर गेली.



प्रश्न बुधवारचा होता, आणि त्यानंतर बाईंनी काहीच विचारलं नव्हतं.